बदली येईपर्यंत

एकदा एका वृद्ध गृहस्थांनी निराधार माजी सैनिकांसाठी आश्रम काढला. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांचा एक शिष्य होता. मोठा सेवाभावी, पण उतावळा. कुणाचं भलं करायचं म्हटलं की याला ते आत्ताच्या आत्ता करायचं असे!

गावातल्या शाळेजवळच्या चौकात तातोबा नावाचा माजी सैनिक बंद दुकानाच्या पायरीवर राहायचा. त्याला ना घर, ना कुणी जवळचं. शाळा भरताना आणि सुटताना तो भर रस्त्यात उभा राही, हात आडवा करून ट्रक थांबवी आणि मुलांना पलीकडे नेई. ट्रकवाले शिव्या देत आणि गाव त्याला वेडा म्हणे. त्या हिवाळ्यात तो तापाने फणफणला. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "उघड्यावर राहिला तर वाचायचा नाही."

शिष्य रोज घोंगडी घेऊन जाई, विनवणी करी. "तातोबा, चला हो आश्रमात! खाट आहे, औषध आहे, गरम जेवण आहे."

"मला इथून हलता येत नाही," रस्त्याच्या टोकाकडे डोळे लावून तो एवढंच म्हणे.

शेवटी शिष्य वैतागला. "अप्पा, हद्द झाली! जीव जायची वेळ आली तरी हट्ट सोडत नाही. उचलून आणू का?"

"नको," अप्पा म्हणाले आणि त्यांनी गुंडेरावांना हाक मारली. हे फौजेतले निवृत्त हवालदार एका पायाने अधू होते आणि गेल्याच वर्षी रस्त्यावरून आश्रमात आले होते. "गुंडेराव, त्या चौकात जाऊन उभे राहाल?"

गुंडेराव लगेच बूट चढवू लागले. शिष्य पुरता चक्रावला. एकाला छपराखाली आणायचं, तर अप्पा दुसऱ्यालाच बाहेर धाडतायत? म्हातारपणी यांचं डोकं फिरलं की काय? तरी तो मुकाट्याने बरोबर गेला.

चौकात गुंडेराव तातोबासमोर ताठ उभे राहिले. "बदली आलोय. पहारा माझ्याकडे द्या."

तातोबाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि खोकत खोकत सांगितलं, "मंडईकडून येणारी गाडी वळणामुळे दिसत नाही, कानोसा घ्यायचा. लहानी पोरं एकदम धावत सुटतात, त्यांचे हात धरायचे."

"समजलं."

तातोबाने सलाम ठोकला. मग शिष्याकडे वळून म्हणाला, "चल रे बाबा, आता धर मला. उभं राहवत नाही."

आश्रमात औषध घेऊन तो गाढ झोपला. शिष्याच्या मनातला गोंधळ मात्र वाढतच होता. "अप्पा, मला काहीच कळेना. मी एवढं देत होतो, ते का नको होतं त्याला?"

"तू देत होतास ते चांगलंच होतं," अप्पा म्हणाले. "पण तो उठला तर मुलांचं कोण बघणार, हे तू विचारलंस का? तुला तो निराधार दिसला. त्याच्या लेखी तो कामावर होता. पहारेकरी भुकेने जागा सोडत नाही, तापानेही नाही. दुसरा येऊन उभा राहिला, तरच सोडतो. समोरच्याने काय धरून ठेवलंय ते न पाहताच आपण त्याच्या हातात दान ठेवायला जातो, बाळा."

शिष्य म्हणाला, "पण गुंडेरावांचा पाय अधू आहे. त्यांच्या बदली कोण?"

अप्पा तातोबाचं पांघरूण सारखं करत बसले.

शाळा सुटायच्या सुमारास शिष्य चौकात पोहोचला आणि त्याने गुंडेरावांना आश्रमात पाठवलं. "ए, मरायचंय का?" म्हणून ट्रकवाला खेकसला, तेव्हाही आडवा हात त्याने खाली घेतला नाही. मुलं पलीकडे गेली. रस्ता मोकळा झाला. मग त्याची नजर आपोआप रस्त्याच्या टोकाकडे लागली. आपल्या जागी कुणी येतंय का?

तातोबा तिकडेच डोळे लावून बसत असे. आणि त्याच रस्त्याने आपण रोज नुसती घोंगडी घेऊन येत होतो, हे शिष्याला तेव्हा कळलं.