वळणावरची खडखड

दसरा झाला आणि दूध संघाच्या जीपमधून खडखड येऊ लागली. अध्यक्ष आबासाहेबांना इंजिनाबद्दल एवढंच ठाऊक होतं की ते बॉनेटखाली असतं. तरी संघाच्या आवारात सगळ्यांदेखत त्यांनी निदान केलं, "इंजिन गेलं. बाईच्या हाती गाडी दिली की हेच होणार."

जीप रेवती चालवायची. नोकरी तिचीच जाणार होती.

"आबासाहेब, इंजिन असतं तर उभ्या गाडीतही वाजलं असतं. ही फक्त वळणावर वाजते."

"मला शिकवू नकोस. ज्याच्या हातानं हे झालं, त्यानं पुन्हा या गाडीला हात लावायचा नाही."

"सगळ्यांना मान्य?" रेवतीनं विचारलं. माना हलल्या.

तिनं बॉनेट उघडलं आणि बॅटरीमागून हळदकुंकू लावलेला अख्खा नारळ काढला. यंत्राची पूजा बायकांचं काम नव्हे, असं म्हणत दसऱ्याला आबासाहेबांनीच तो आत ठेवला होता. फोडायचा मात्र राहून गेला होता.

आबासाहेब घरी जायला जीपकडे वळले, तशी रेवती लगबगीनं पुढे झाली.

"थांबा आबासाहेब, दाराला हात लावू नका. मी उघडते."