रेघेखाली सही

अक्कल बघा माझी! त्रेचाळिसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या बीएला बसले आणि पदवीच्या अटींचं शेवटचं पानच वाचलं नाही. त्यावर लिहिलं होतं: विभागप्रमुखांसमोर कोऱ्या नकाशात सगळ्या देशांच्या सीमा काढून दाखवणे.

विभागप्रमुख खांडेपारकर सर म्हणाले, "बाई, एक रेघ चुकली की पदवी विसरा."

तीन वर्षं पाण्यात! मी कोरा नकाशा तसाच सरांपुढे सरकवला.

"सर, जिथे दोन देश अजून भांडताहेत, तिथे कोणाची रेघ धरू? तेवढी तुम्ही काढा आणि खाली सही करा. मी तशीच गिरवते."

सरांनी पेन उघडलं. नकाशाकडे पाहिलं, मग दाराकडे. टोपण परत लावलं.

"म्हणजे मी नापास का, सर?"

"पास. कोऱ्या नकाशात एकही चूक नाही."