तिसरं वळण

घाटात रस्ता कमी आणि खड्डेच जास्त होते, त्या काळात दामूअण्णांच्या जीपने ढब्या कुत्र्याला डिवचलं, "पोटभर दूधभाकरी खा आणि न ओकता घाट उतरून दाखव!"

"त्यात काय एवढं?" म्हणत ढब्याने थाळी चाटूनपुसून साफ केली. तिसऱ्या वळणावर सगळी भाकरी अण्णांच्या नव्या धोतरावर! अण्णा कडाडले, "आजपासून हा बाजाराला येणार नाही!"

पुढच्या बाजारी ढब्या फाटकातून बघतच राहिला. खिडकीतून भुंकणारं कोणी नाही म्हणून जीपलाही करमेना. परत आल्यावर ती म्हणाली, "ये, नुसता बस. मी हलत नाही." ढब्या रोज बसू लागला. हळूहळू अण्णांनी इंजिन सुरू केलं तरी तो दचकेना. मग अण्णांचाही राग निवळला. एकदा रिकाम्या पोटी, खिडकीबाहेर नाक काढून तो अख्खा घाट उतरला आणि थेट भज्यांच्या गाडीपाशी गेला.

आता जीपला चाकं नाहीत, ढब्याला दात नाहीत. तरी तो तिच्याच सीटवर झोपतो. परवा म्हणाला, "तेव्हा माझं पोटच नाजूक होतं गं."

जीप कुरकुरली, "नव्हतं रे. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्यात मीच मुद्दाम चाक घालत होते."