कानातलं यंत्र

गायक रेवण घोलप कानात यंत्र घालतो आणि पडद्यामागून कुणीतरी त्याला त्यातून गाणं पढवतो, अशी बातमी एका वाहिनीने आठवडाभर वाजवली. शहानिशा कुणी केली? कुणीच नाही! जत्रेत लोक रेवणला तोंडावर ‘पोपट’ म्हणू लागले.

शेवटी कानातलं यंत्र तसंच ठेवून, आपल्या ढोलकीवाल्या रंगनाथनानांना घेऊन रेवण थेट त्याच वाहिनीच्या स्टुडिओत जाऊन बसला. कार्यक्रम सुरू होताच निवेदक राजाध्यक्ष गरजला, “हिंमत असेल तर ते यंत्र काढा आणि गा!”

“काढेल की,” नाना म्हणाले. “स्टेजवरच्या गोंगाटात माझी ढोलकी ऐकू यावी म्हणून घालतो तो. पण साहेब, इथं तर सगळं चिडीचूप आहे. मग तुमच्या कानात ते काय?”

राजाध्यक्ष चाचरला. “ते… कामाचं आहे.”

“मग दोघंही काढा. अख्खा महाराष्ट्र बघतोय.”

दोन्ही यंत्रं टेबलावर आली. नानांनी टेबलावरच ठेका धरला आणि रेवणने डोळे मिटून अख्खा पोवाडा खणखणीत गायला.

“आता तुमची पाळी,” नाना म्हणाले. “विचारा पुढचा प्रश्न.”

राजाध्यक्ष समोरचे कागद चाळू लागला. तेवढ्यात टेबलावरच्या त्याच्या यंत्रातून बारीक आवाज आला, “अरे, ब्रेक घे! ब्रेक घे!”

नानांनी ते यंत्र उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं.

“लोकहो, पोपट सापडला. पढवणारा आत बसलाय.”