कांजीची वाटी आणि राणीचा शेला

पुष्कळ वर्षांपूर्वी, जेव्हा किड्यामुंग्यांना बोलता येत होतं आणि माणसांना ऐकून घ्यायला वेळ होता, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगरांच्या बेचक्यात एक लहानसं राज्य होतं. तिथला पाऊस जायचा तो नावापुरता. तो गेला की धुकं यायचं, आणि धुकं हटलं की दव पडायचं. भिंतींना सदा ओल. घट्ट झाकण लावून ठेवलं तरी मिठाला पाणी सुटायचं. आमच्या राज्याची प्रकृतीच थंड, असं तिथले लोक अभिमानाने सांगत आणि मग शिंकत.

या राज्याची एक ठेव होती. राज्य वसवणाऱ्या पहिल्या राणीने स्वतःच्या हाताने विणलेला साधा रेशमी शेला. गादीवर नवं कोणी बसायचं झालं की तो खांद्यावर घेऊन प्रजेसमोर उभं राहायचं. शेला खांद्यावर आला म्हणजे राज्य आलं. तो नसेल तर मुकुट म्हणजे डोक्यावरचं नुसतं ओझं.

एरवी हा शेला एका शिसवी पेटीत असे, आणि पेटी राजघराण्याच्या वस्त्रांच्या कोठीत. कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला, तो जामदार. आपल्या गोष्टीतल्या जामदाराकडे ती किल्ली वडिलांकडून आली होती, आणि वडिलांकडे त्यांच्या वडिलांकडून. तो झोपतानाही किल्ली काढत नसे. बायको म्हणायची, "मला एवढं जवळ कधी धरलं नाहीत."

शेल्याची सेवा कशी करायची याचा रिवाज ठरलेला होता. बाहेरच्याची दृष्ट लागू नये म्हणून कोठीला खिडकी नव्हती. पेटी भिंतीला अगदी चिकटून, जमिनीवर. दर अमावास्येला तिच्यावर पवित्र झऱ्याचं पाणी शिंपडायचं. तिच्या पायाशी कांजीची वाटी नैवेद्य म्हणून ठेवायची. आणि वर्षातून एकदा, पणतीच्या उजेडात झाकण उघडून, शेल्याभोवती मानाचा एक नवा रुमाल गुंडाळायचा. हा रुमाल तांदळाच्या खळीत बुडवून कडक केलेला असे, कारण राजवस्त्र मऊ पडलेलं शोभत नाही. आधीचा रुमाल मात्र काढायचा नाही. दिलेला मान काढून कसा घ्यायचा? त्यामुळे शेला कसा दिसतो, हे राज्यात म्हाताऱ्या राजाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही आता नीटसं आठवत नव्हतं.

या राजाने एक दिवस गादी आपल्या लेकीला द्यायची ठरवली. राज्याभिषेक येत्या पौर्णिमेला. जामदार उत्साहाने नवा रुमाल घेऊन कोठीत गेला. झाकण उचललं, आणि काहीतरी रुपेरी, गार, त्याच्या बोटांवरून सुळकन सरकून गेलं. मग दुसरं. मग पणतीच्या उजेडात सगळा रुमालच हलल्यासारखा वाटला. वरचं कापड ठिकठिकाणी जाळीदार झालं होतं.

कसर लागली होती.

जामदाराने झाकण लावलं. आतला शेला उरला आहे की नाही हे पाहायचा त्याला धीर झाला नाही. तो तडक प्रधानांकडे गेला.

राज्य लहान असलं तरी सल्लागार कमी नव्हते. राजपुरोहित म्हणाले, "शेला रुसला आहे. पाणी रोज शिंपडा, आणि नैवेद्याची वाटी मोठी ठेवा." राजवैद्यांनी कोठीत धुरी द्यायला सांगितली. धुरीने कसर पेटीखाली जाऊन बसली आणि जामदार खोकत बाहेर आला. प्रधानांनी कोठीच्या दारात दवंडी पिटवली, की समस्त कसरीने सूर्यास्तापूर्वी राज्याची हद्द सोडावी. कसरीने हद्द सोडली नाही. कोठीत सूर्य उगवत नव्हता की मावळत नव्हता, तेव्हा मुदत केव्हा संपली हे तिला कळलं नसावं.

पाणी वाढलं, कांजी वाढली, आणि कसरही वाढली.

जामदार घरी आला तेव्हा बायको अंगणात लुगडी झटकून दोरीवर टाकत होती. धुक्यातून घटकाभर ऊन पडलं की हे तिचं ठरलेलं काम.

"तोंड असं का केलंत?" ती म्हणाली. "गादीवर तुम्हाला बसायचंय का?"

"शेल्याला कसर लागली."

"मग उन्हात टाका. वेखंडाची पुरचुंडी ठेवा घडीत. देऊ का माझ्यातली?"

"अगं, घरच्या लुगड्याला चालतं ते राजवस्त्राला कसं चालेल?"

"तेही खरंच," बायको म्हणाली. "माझं लुगडं खाऊन कसरीला कसला मान मिळणार? ती तुमच्याकडेच यायची."

जामदाराने कोठीतून आणलेली वाटी घासायला घेतली. दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून त्याने नैवेद्याची ती काशाची वाटी इतकी घासली, की तीत तोंड दिसू लागलं. मग तीत कांजी ओतून तो कोठीत ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी वाटी उचलायला गेला, तर कांजी चाटूनपुसून संपलेली, आणि तळाशी एक म्हातारी कसर. ती कडेवर चढायला बघे आणि घसरून पुन्हा तळाशी येई.

"मालक," कसर म्हणाली, "वाटी जरा कलती करता का? काल फार घासलीत. पाय ठरत नाही."

"कलती? चिरडून टाकतो तुला."

"टाका. माझं गोत पेटीखाली आहे. ते सुतकसुद्धा पाळायचं नाही. पण इतकी वर्षं खाऊ घातलंत, आणि आता हा राग?"

"मी खाऊ घातलं? तुम्हाला?"

"नाहीतर कोणी? कांजी कोण ठेवतं? रुमालांना खळ कोण लावतं? कोरड्यात आमचा जीव सुकतो, तर पाणी कोण शिंपडतं? उजेड सोसत नाही, म्हणून तुम्ही खिडकीसुद्धा ठेवली नाहीत. वर्षातून एकदा नवं ताट वाढता आणि जुनं उचलायची घाईही करत नाही. इतकं तर व्याहीसुद्धा करत नाहीत, मालक. आमच्यात तुम्हाला अन्नदाता म्हणतात."

जामदार वाटीपाशी खाली बसला. वडिलांनी हेच केलं होतं. आजोबांनी हेच केलं होतं. तीन पिढ्यांची निष्ठा या वाटीत पाय घासत होती.

"आणि शेला?" त्याने विचारलं. "तो उरलाय का?"

"ते उघडल्याशिवाय कसं कळणार? मला इथून दिसत नाही."

उघडायचं म्हणजे उजेडात, एकेक रुमाल सोडवून. पण राज्याभिषेकाआधी पेटी उजेडात नेणाऱ्याची किल्ली जायची, आणि पुन्हा त्याच्या घराण्यात यायची नाही, असा रिवाज होता.

जामदार भिंतीला टेकून विचार करू लागला. आपण गप्प बसलो तर काय होईल? पौर्णिमेला सर्वांसमोर पेटी उघडेल. आत शेला नसला तर दोष कोणाला? रिवाज पाळणाऱ्याला कोणी दोष देत नाही. लोक म्हणतील, शेल्यानेच या मुलीला नाकारलं. तिचं राज्य जाईल आणि आपली किल्ली राहील.

हिशेब चोख होता. जामदाराला स्वतःचीच शिसारी आली.

तो वाटी घेऊन उठला आणि सरळ राजकन्येकडे गेला. तिथे प्रधान आणि पुरोहितही बसले होते. जामदाराने पाणी, कांजी, खळ आणि बंद कोठी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "शेल्याला कीड बाहेरून लागलेली नाही. आम्हीच ती पाळली. पेटी आज उजेडात उघडू द्या, ताई. काही उरलं असेल तर ते तरी वाचेल."

"रिवाज ठाऊक आहे ना?" पुरोहित म्हणाले. "आधी किल्ली ठेवा, मग बोला."

जामदाराने कमरेची किल्ली सोडली आणि समोर ठेवली.

राजकन्या वाटीवर वाकली आणि तिने कसर निरखून पाहिली. मग म्हणाली, "पेटी अंगणात आणा."

त्या दिवशी ऊनही पडलं होतं. पेटी उघडली आणि कसरींची पळापळ झाली. अंगणातल्या चिमण्यांना बोलावणं धाडावं लागलं नाही. जामदाराने वरचा रुमाल हातात घेतला, तो हातातच विरला. त्याच्या खालचा, माशाचं जाळं. त्याच्या खालचा, नुसता भुगा. जामदाराचा चेहरा पांढरा पडत चालला. अंगणाच्या कडेला त्याची बायको पदराचं टोक दातात धरून उभी होती.

पुढचा रुमाल भोकाभोकांचा, पण घडी धरून होता. त्याच्या पुढचा थोडा बरा. त्याच्या पुढच्याला फक्त कडेला खाल्लेलं. जामदार आता श्वास घ्यायला विसरला होता. एकेक करत तो शेवटच्या रुमालापर्यंत आला, आणि त्याने तोही सोडवला.

आत शेला होता. जुन्या मधाच्या रंगाचा. काठाशी मुगाच्या डाळीएवढं एक भोक, बाकी अखंड.

जामदाराने जो श्वास सोडला, तो दिंडी दरवाज्यापर्यंत ऐकू गेला असेल. मग तो पायरीवर बसून हसू लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

राजकन्येने शेला उचलून गालाला लावला. "हा तर मऊ आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही याला इतकी वर्षं कडक करत होता."

"शेला सुखरूप आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो," पुरोहित म्हणाले.

जामदाराने वाटीत डोकावून विचारलं, "तुम्ही आतपर्यंत का पोचला नाहीत गं?"

"खळीचं पुढ्यात असताना बिनखळीचं कोण खातं?" कसर म्हणाली. "पण माझ्या नातवंडांनी गाठलं असतं. तुम्ही वाढत होतातच."

पौर्णिमेला नव्या राणीने शेला खांद्यावर घेतला. त्याला वेखंडाचा वास येत होता. जामदाराच्या बायकोने आपल्या पेटीतली पुरचुंडी शेवटी दिलीच होती. त्या वासाने ऐन मुहूर्तावर प्रधानांना सटासट शिंका आल्या. लोक चपापले. राणी म्हणाली, "घाबरू नका. प्रधानजींना आणि कसरीला एकच वास सोसत नाही." सगळं अंगण हसलं, आणि शुभ झालं.

मग राणीने किल्ली हातात घेतली. "जुन्या रिवाजाने ही तुमच्याकडून घेतली," ती जामदाराला म्हणाली. "नव्या रिवाजाने परत देते. यापुढे पावसाळा सरल्यावर जो पेटी उघडणार नाही, त्याची किल्ली जाईल."

कोठीला खिडकी पाडली. भिंतीच्या भेगा चुन्याने बुजवल्या. पेटी पुसून, वाळवून, विटांवर चढवली, आणि भिंतीपासून दूर ओढली. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड आलं. पाणी थांबलं, खळ थांबली. कांजी जामदार घरीच पिऊ लागला. घासलेली वाटी मात्र त्याने चिमूटभर पीठ टाकून कोपऱ्यात राहू दिली. चुकून एखादी कसर आलीच, तर ती त्या पिठाच्या आशेने वाटीत पडे आणि सकाळी सापडे. दर वर्षी शेला अंगणात कोवळ्या उन्हात झटकला जाई आणि सारं गाव तो बघायला येई. पुरोहितांनी पाणी शिंपडायचा मंत्र उन्हासाठी म्हणायला सुरुवात केली. चाल तीच ठेवली.

म्हाताऱ्या कसरीला जामदाराने रानात नेऊन, एका पडलेल्या झाडाखाली कुजक्या पाल्यात सोडलं. "इथे ओल आहे, अंधार आहे," तो म्हणाला, "फक्त मान ठेवणारं कोणी नाही."

"मग आमचं कसं व्हायचं?" कसर म्हणाली, आणि पाल्यात शिरली.

तात्पर्य : जे जपायचं असेल ते वरचेवर उघडून उजेडात पाहावं, नुसतं कोंडून पुजलेल्या वस्तूवर कीडच पोसली जाते.