पाच माशांचं पान

एका संस्थानात अंताजीपंत नावाचे एक परीक्षक होते. गवई येवो, मल्ल येवो, हातचलाखी करणारा येवो, तो आधी भर दरबारात, महाराजांच्या देखत, पंतांसमोर बसायचा. पंत बघायचे आणि वहीत शेरा लिहायचे. शेरा चांगला असला तर माणसाला दरबारात जागा, नाहीतर आल्या वाटेनं परत. तीस वर्षांत पंतांच्या वहीत एक वाक्य कधीच उमटलं नव्हतं. ते म्हणजे, 'मला कळलं नाही.' या गोष्टीचा पंतांना भारी अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

हातचलाखीवाल्यांना तर त्यांची धास्तीच वाटायची. पंत त्यांच्या गप्पांना भुलत नसत. नजर बोटांवर. "डाव्या बाहीत," असं म्हणायचे, की खेळ संपला.

एके दिवशी हौसाबाई नावाची एक बाई आली. वय पन्नाशीचं, चोळीच्या बाह्या कोपराच्याही वर. जत्रेजत्रेत खेळ करून तिचे गुडघे कामातून गेले होते. दरबारात जागा मिळाली तर फिरणं थांबेल, एवढीच तिची आशा होती. ती पंतांच्या इतकी जवळ बसली की मधे एक सतरंजीची घडीच मावावी. खेळासाठी तिनं महाराजांचाच गंजिफांचा जोड मागून घेतला. गंजिफा म्हणजे जुन्या काळचे गोल पत्ते, हातानं रंगवून वर लाख चढवलेले. हाताचं काम, त्यामुळे कुठलं पान जाड, कुठलं पातळ. एका जोडात एकशे वीस पानं.

"पंत, एक पान काढा. मनात ठेवा आन् परत द्या."

पंतांनी पान काढलं. त्यावर पाच मासे होते. त्यांनी ते परत दिलं. हौसाबाईनं जोड दोनदा पिसला आणि एकेक पान सतरंजीवर मांडत गेली. कासवं आली, परशू आले, शंख आले. पाच मासे काही आले नाहीत. पंतांनी पानं मोजली. एकशे एकोणीस.

"बाहीत," पंत म्हणाले. बाही होतीच कुठे! "पदरात." दासींनी पदर झाडून दाखवला. "सतरंजीखाली." सतरंजी उचलली, तर खालून एक मुंगळा निघाला आणि पंतांच्याच दिशेनं चालू लागला. दरबार हसला. पंतांचे कान लाल झाले.

हौसाबाई म्हणाली, "आमच्या खेळाची रीत हाय, पंत. कोडं सुटलं न्हाई की पोरं कशी 'हरलो' म्हणत्यात आन् मग उत्तर मिळतं, तसंच. तुम्ही 'हरलो' म्हणा, मी पान देते. ते जोडातच हाय. भायेर गेलंच न्हाई."

"म्हणा पंत," महाराजही हसत म्हणाले. "तीनच तर अक्षरं आहेत."

पंतांच्या तोंडून ती तीन अक्षरं निघेनात. त्याऐवजी भलतंच निघालं. "महाराज, हा खेळ नव्हे. ही चोरी आहे. सरकारी जोडातलं पान हिनं लांबवलंय."

हसू थांबलं. चोरीचा आरोप म्हणजे काही थट्टा नव्हती. महाराजांनी जोड पंतांच्या हवाली केला आणि तीन दिवसांची मुदत दिली. तोवर पान मिळालं नाही, तर हौसाबाईनं संस्थानाची हद्द सोडायची आणि पुन्हा इथे खेळ करायचा नाही. 'हरलो' ऐकल्याशिवाय पान दाखवायचं नाही, ही रीत हौसाबाईनं तरीही मोडली नाही. ती देवडीवर पहारेकऱ्यांच्या नजरेखाली बसून राहिली.

इकडे पंतांना घरात चैन पडेना. बसले की उठावंसं वाटे, उठले की जोड आठवे. त्यांनी पानं रंगांप्रमाणे लावली, उलटी लावली, आकड्यांप्रमाणे लावली. एकशे एकोणीस. अंघोळीला गेले ते अर्ध्यातून ओलेत्यानंच परत आले, काहीतरी सुचलं म्हणून. एकशे एकोणीस.

"पोळ्या मोजताय की खाताय?" पंतांची बायको यमुनाबाई म्हणाली. "अहो, म्हणून टाका ना एकदाचं हरलो. जीभ काही झिजणार नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?" पंत ओरडले आणि ताटावरून उठले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पडवीत उन्हातच बसले होते. हातात जोड होताच. तीन दिवस तो हातातून सुटला नव्हता. आठ कासवांचं पान त्यांनी अंगठ्याखाली धरलं होतं. आठवण बाईच्या बोटांची चालली होती, त्यामुळे ते बराच वेळ तसंच धरलेलं राहिलं. अचानक ते पान बोटांखाली सरकलं. सरकलं, आणि एकाची दोन पानं झाली. वर आठ कासवं, त्याच्या पाठीमागे पाच मासे, आणि मधे उन्हानं मऊ झालेलं चिमूटभर मेण.

पंत आनंदानं उडालेच. "अगं ए!" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. सांगणार काय होते? पान जोडातच होतं. बाई खरं बोलत होती. भर दरबारात आपण एका निरपराध बाईला चोर म्हणालो, आणि तीन दिवस ते पान आपल्याच हातात होतं.

त्यांनी पडवीत दहा फेऱ्या घातल्या. मग घाईघाईनं मेण धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पाच मासे कमरेच्या शेल्यात खोचले. "दरबार उठेपर्यंतच," त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यानंतर काय करायचं, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी दरबारात पंतांना एका जागी बसवेना. पान शेल्यात टोचत होतं. गोल पान टोचेल कसं? पण टोचत होतं खरं. त्यांचा हात सारखा कमरेकडे जाई.

"पंत, पान मिळालं?" महाराजांनी विचारलं.

"नाही, महाराज. एकशे एकोणीसच आहेत." आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटत होता.

"मग हौसाबाई, तुला हद्द सोडावी लागेल."

"सोडते, सरकार. पर जायच्या आधी जोड एकदा माझ्या हातात द्या."

जोड दिला. हौसाबाई पानं सरसर चाळू लागली आणि आठ कासवांवर थांबली. त्या पानाची पाठ तिनं बोटानं चाचपली. पाठ मोकळी होती. कडेला मेणाचा एक कण राहून गेला होता. तिनं वर पाहिलं. पंतांचा चेहरा घामानं डबडबला होता आणि हात कमरेवर होता.

सगळं तिच्या लक्षात आलं. तिनं नुसतं बोट दाखवलं असतं तरी पंतांची तीस वर्षं मातीत गेली असती. पंतांनाही ते कळलं.

हौसाबाईनं जोड खाली ठेवला आणि पंतांपुढे हात जोडले.

"सरकार, मी दडवलेलं पान आता मलाच घावंना. पंतांनी माझ्यावरच खेळ केला. पंत, मी हरले. आता रीतीपरमानं माझं पान मला परत द्या."

जी तीन अक्षरं पंतांना तीन दिवसांत जमली नव्हती, ती या बाईनं एका दमात म्हणून टाकली, तीही एका चोराला वाचवण्यासाठी! पंतांनी शेल्यातून पान काढलं. दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराज "वा पंत, वा!" म्हणाले.

त्या टाळ्या पंतांना सोसवेनात.

"थांबा!" ते ओरडले. "टाळ्या वाजवू नका. हा खेळ नव्हता, महाराज. पान जोडातच होतं. मला ते दुपारी सापडलं आणि मी लपवलं. चोर मी आहे. बाई, मी हरलो. पहिल्याच दिवशी हरलो होतो."

महाराजांनी पंतांची वही मागवली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "शिक्षेचं मागाहून बघू. आधी बाईच्या खेळाचा शेरा लिहा."

पंतांनी लिहिलं आणि स्वतःच वाचून दाखवलं, "खेळ उत्तम. मला कळला नाही. उन्हाला कळला."

हौसाबाईला दरबारात जागा मिळाली. पंतांची परीक्षकाची जागा गेली. पण त्या दिवशी घरी गेल्यावर ते पोटभर जेवले, पोळ्या न मोजता.

तात्पर्य: 'मला कळलं नाही' हे वेळेवर म्हणून मोकळं व्हावं. ते टाळणारा माणूस आधी निरपराध्याला चोर ठरवतो आणि मग स्वतःच चोर होऊन बसतो.