सलोमीबाईनं बुडवलेली घंटा

गोदावरीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. सांजखेडच्या काठावर सलोमीबाई नावाची विधवा नाव चालवायची. नवऱ्यामागं तिनं वल्हं हातात घेतलं, आणि भर पुरातही तिची नाव कधी कलंडली नाही, असं म्हणतात.

त्या साली गावच्या ख्रिस्ती मंडळीनं नवं चर्च बांधलं आणि शहरातून पितळेची थोरली घंटा मागवली. घंटा पलीकडच्या काठाला पोचली, त्याच दिवशी तिथल्या वस्तीत पटकीनं माणसं पटापट आडवी झाली. औषध देणारी डॉक्टरीण होती ती अलीकडं, सांजखेडात.

सलोमीबाई नाव घेऊन गेली, तर घंटेशेजारी एक बाई आजारी लेकीला मांडीवर घेऊन बसलेली. घंटा ठेवली की नावेत दुसऱ्याला जागा नव्हती.

घंटा न्यायला पलीकडं आलेले मंडळीचे पंच आनंदराव म्हणाले, "आधी घंटा. उद्या नव्या चर्चचा अर्पणविधी आहे. पोरीला पुढच्या खेपेला घे."

पोरीनं हात पुढं केला. "मावशे, मला ने ना."

सलोमीबाईनं घंटा नेली.

ती परत आली तेव्हा आईनं पोरीच्या तोंडावर पदर ओढला होता.

सलोमीबाईनं त्या दोघींना अलीकडं आणलं. पोरीला दोन्ही हातांवर घेऊन ती तडक चर्चमध्ये शिरली आणि तिला वेदीपुढं ठेवलं. लोक दोर लावून घंटा वर चढवत होते.

"कुणाला बोलावणार ही घंटा? देवाला?" तिचा आवाज नदीपार गेला, असं म्हणतात. "ही पोर हाका मारत होती, तेव्हा देव तिच्यापाशी बसला होता. अन् मी त्याला तिथंच टाकून पितळ घेऊन आले! ह्या हातांनी!"

"बाई, शांत व्हा," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले.

"शांत? तुम्ही सगळे शांत राहिलात, म्हणून ही मेली!"

आनंदराव आडवे आले. तिनं नुसतं पाहिलं, आणि ते बाजूला झाले. आठ माणसांना न पेलणारी ती घंटा तिनं एकटीनं ओढत नेली आणि नदीच्या डोहात लोटली.

मग तीन दिवस ती थांबली नाही. पाच जणांच्या नावेत वीस-वीस आजारी मावले, आणि पाण्यानं वाट दिली, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब दुसऱ्या वल्ह्याला बसले.

चौथ्या दिवशी पटकीनं तिलाच गाठलं. पाळकांनी विचारलं, "आता मन निवलं का, बाई?"

ती त्यांच्यावर खेकसली. "पलीकडं अजून दोघं आहेत. इथं काय बसलात?"

पाळक धावले. ती दोघं वाचली. सलोमीबाई नाही.

सांजखेडच्या चर्चला आजही मनोरा आहे, घंटा नाही. दर रविवारी पाळक आधी आजाऱ्यांच्या घरी जाऊन येतात, मगच उपासना सुरू होते. मागं एका नव्या पाळकानं घड्याळ बघून वेळेवर सुरुवात केली. पहिलं गीत निम्म्यावर असतानाच पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली, आणि तिच्यामागं सगळं चर्च रिकामं झालं.

"आधी सलोमीबाईचं काम करून या," म्हातारी दारातून म्हणाली. "आम्ही बाहेर थांबतो."